हातावरची गाठ

पुणे, रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

क्षयाची लागण तपासणाऱ्या मांटू चाचणीत हातावर १४ मिलिमीटरची गाठ आली म्हणून घाबरली आहेस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. त्या इंजेक्शनात जिवंत जंतू नसतो, क्षयाच्या जंतूची फक्त प्रथिनं असतात. गाठ येते ती तुझ्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथं जमल्यामुळे.

टी पेशीला अख्खा जंतू ओळखताच येत नाही. आधी एखादी मॅक्रोफेज किंवा डेंड्रायटिक पेशी त्याला गिळते, आत त्याची प्रथिनं तोडते आणि साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून स्वतःच्या पृष्ठभागावर आणते. टी पेशी तुकडा आणि खाच दोन्ही मिळून ओळखते. तुकडा तोच, पण खाच परक्याची, तर ती ढिम्म राहते. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना हे विषाणूंवर काम करताना कळलं, १९९६ चं नोबेल त्यासाठीच. इतकी वर्षं शिकवतेय, तरी वर्गात हा भाग आला की माझा आवाज चढतो! कारण क्षयाचा तुकडा ओळखणारी पेशी जंतू भेटण्याआधीच अंगात तयार असते. अशा पेशी अगदी मोजक्या. त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो, म्हणून लागण झाल्यावर मांटू पॉझिटिव्ह यायला २ ते ८ आठवडे जातात. पुढे मात्र त्यांना आठवण राहते, आणि टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत गाठ येते.

तुला जन्मल्यावर बीसीजी दिलं होतं. मांटूतली बरीच प्रथिनं त्या लशीच्या जंतूतही असतात, त्यामुळे गाठ लशीचीही असू शकते. पण बाळपणीच्या लशीचा हा परिणाम वर्षांनुवर्षांत ओसरतो, आणि तुझ्या खोलीतल्या मुलीला फुप्फुसाचा क्षय निघालाय. मी हे बीसीजीवर ढकलणार नाही. इथल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी चाचणी, तीही हातावर टोचूनच करतात, मिळते का ते विचारून बघ. तिच्यात इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच प्रथिनं आहेत, आणि बीसीजीच्या जंतूनं ती फार पूर्वीच गमावलीत, म्हणून लशीमुळे त्या चाचणीत गाठ येत नाही.

मात्र जंतू निजलेला आहे की आजार सुरू झालाय, हे यातली कोणतीच चाचणी सांगत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे उद्याच काढ. खोकला, ताप, वजन उतरणं यातलं काहीही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. एक्स-रे स्वच्छ आला तरी ते प्रतिबंधक गोळ्या देतील, बहुधा आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. एकही चुकवायची नाही.

आणि त्या मुलीला वाळीत टाकू नका. डॉक्टर सांगतील तोवर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, पण तिच्याशी बोला.

रिपोर्ट हातात आला की आधी मला पाठव.

तुझी,
आई