तळाची चीर ओळखायला शिकवणाऱ्या बाईंना

बाई,
सप्रेम नमस्कार.

परळचा मातीची भांडी घडवण्याचा गाळा तुम्ही या महिन्यात रिकामा करताय. सत्कार नको म्हणालात, पण आभार मानायला तुम्ही मनाई केलेली नाही, म्हणून हे उघड पत्र.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्यापासून तुम्ही स्वतःचं कामही केलंत आणि शिकवलंतही. प्रदर्शनांबद्दल लिहिणारे लिहितील. आम्हाला आभार मानायचेत ते तुमच्या 'बिघाड वही'साठी. भट्टीतून काय फुटून आलं, का फुटलं आणि पुढच्या वेळी काय बदललं, हे सगळं त्या वहीत आहे आणि ती कायम टेबलावर उघडी असायची. ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचं, प्रमाण कुलपात ठेवणाऱ्यांच्या या धंद्यात हे सोपं नव्हतं.

वहीत सगळ्यात जास्त पानं तळाच्या 'एस' आकाराच्या चिरेची आहेत. चाकावर भिंती ओढताना माती दाबली जाते, तळ मात्र सैल राहतो. त्यात आत पाणी साचलं की तळ मागून सुकतो आणि चिरतो. चाकावर मातीचा गोळा मधून उघडल्यावर लाकडी पट्टीने कडेपासून मध्यापर्यंत तीन-चार वेळा तळ दाबायचा, स्पंजने पाणी टिपायचं, जाडी ६-७ मिलिमीटर ठेवायची आणि भांडं लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट सुकून चामड्यासारखं घट्ट, झालं की पालथं घालायचं, हे तुम्ही प्रत्येक नव्या बॅचला तितक्याच धीराने सांगितलंत. शंका असली तर कोरड्या भांड्यावर ब्रशने रॉकेल फिरवायचं. चीर असेल तिथे काळी रेघ उमटते. ती रेघ पहिल्यांदा दिसते तेव्हा भांडं मोडून माती परत भिजत घालायला मन धजत नाही. तुम्ही ते आधी स्वतःच्या भांड्यांचं करून दाखवायचात.

मग मुंबईचा पावसाळा. जुलैत कप वरून कोरडा दिसतो, गालाला लावला की गार लागतो, म्हणजे आत पाणी आहे. तसाच भट्टीत गेला तर शंभर अंशांच्या आसपास वाफ त्याचे तुकडे करते. म्हणून भट्टीचं झाकण इंचभर उघडं, आच रात्रभर नव्वद अंशांवर आणि सकाळी भोकासमोर आरसा धरायचा. आरसा धुरकटला तर थांबायचं. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) फुगतं, तिथे चढताना आणि उतरताना घाई नाही. कान जोडताना कप आणि कान दोन्हीचा ओलावा सारखा हवा, नाहीतर दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि सांधा सुटतो.

ग्लेझचं तुमचं मूळ माप फेल्डस्पार (आचेत वितळणारं खनिज) ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चायना क्ले (पांढरी माती) १०, भट्टी १२८० अंशांना. ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळायचं. ग्लेझवर बारीक चिरांची जाळी पडली तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय, मग क्वार्ट्झ पाच भाग वाढवायचं. कप उकळत्या पाण्यातून थेट बर्फात घालून बघायचा, कारण जाळी कधीकधी महिन्याने उठते. फेल्डस्पारचं नवं पोतं आलं की चाचणीच्या टाइल पुन्हा.

धारावीच्या कुंभारवाड्यात तुम्ही आम्हाला नेत राहिलात, तेही बरं केलंत. सौराष्ट्रातून आलेल्या त्या घराण्यांची लाल माती १२८० अंशांना वितळून बसेल. तिची ताकद कमी आचेत आणि पाणी झिरपण्यात आहे, हे तिथेच समजलं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली जे. जे.ची जुनी भांडी दाखवतानाही तुम्ही नक्षीआधी मान आणि बुडाचं प्रमाण बघायला लावलंत.

आणखी एक. झाडू नाही, ओला पोछा. कोरडी सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते आणि निघत नाही. यावरून तुम्ही रागवायचात, ग्लेझ चुकल्यावर कधीच नाही.

बिघाड वही आम्ही टाइप करून घेतली आहे. 'कारण' हा रकाना तुमच्यासारखाच रुंद ठेवलाय. एक प्रत तुमच्याकडे पाठवतोय, मागे चाळीस पानं कोरी आहेत.

आपले,
शनिवारच्या वर्गाचे विद्यार्थी