रद्दीवाल्याला थांबवा

धनकवडी, पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेली बँकेतल्या नोकरीची जाहिरात वाचली. फॉर्म भरलेला नाही, भरणारही नाही. फोनवर सांगायला गेले की तुम्ही 'बरं' म्हणून फोन आईकडे देता, म्हणून पत्र. प्रकल्पाचा करार अजून दोन वर्षं वाढलाय. पगार तोच, पीएफ नाही. हेही आधीच सांगून टाकते.

आई, 'आमची पोरगी साप पकडते' असं गावभर सांगणं आता बंद कर. कात्रजच्या सर्पोद्यानात जाते ती फक्त बघायला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांपासून मी लांबच. पायात गमबूट, कपाळाला टॉर्च. माझं काम बेडकांचं. परवा ताम्हिणीत रात्री दीडपर्यंत ओढ्यात उभी होते. बेडूक उचलायचा तर आधी हात त्याच ओढ्यात ओले करायचे, कारण तो कातडीनंही श्वास घेतो. ओडोमॉस लावलेल्या हातानं धरला तर ते त्याच्या अंगात मुरतं. म्हणून हाताला काहीच लावायचं नाही. डासांनी मनगटं फोडून काढलीत. रागावू नकोस.

बाबा, बेडकं मोजून कुणाचं पोट भरतं, असं विचारलं होतंत. माझं जेमतेम भरतं. पण जगात उभयचरांच्या 41 टक्के जाती धोक्यात आहेत. पक्षी आणि सस्तन प्राण्यांचीसुद्धा इतकी वाईट गत नाही. आणि गावोगावच्या बेडकांची जुनी नोंद शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. आपल्या विहिरीपाशी पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळे होऊन, गळ्याचे निळे फुगे फुगवून ओरडणारे ते दांडगे बेडूक आठवतात? ते नेमके कधीपासून कमी झाले?

हे ओढ्यात उभी असतानाच डोक्यात आलं, आणि पाठोपाठ तुमचं अक्षर आठवलं. कालनिर्णयच्या जूनच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली: 'पाऊस आला. रात्री बेडूक.' दर वर्षी लिहिता तुम्ही. ती सगळी कालनिर्णयं माळ्यावर आहेत ना? आई, रद्दीत घालू नकोस गं. पार्सलही करू नका, मीच रविवारी सकाळच्या एसटीनं येते. बँकेचं बोलायचंच असेल तर बाबा, शिडी धरता धरता बोला.

तुमची,
ठमी