एडिंबराहून, पौषाच्या तोंडावर

एडिंबरा, १४ डिसेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

इथे सकाळी पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य बुडतो. कामावर जाताना काळोख, येताना काळोख. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का गं?" तेव्हा दमलेय एवढंच म्हटलं. खरं म्हणजे नोव्हेंबरभर मन फार खचलं होतं. डॉक्टरांना दाखवलंय, काळजी करू नकोस. ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी इथे हिवाळ्यात सगळ्यांनाच घ्यायला सांगतात, तीही रोज घेते.

त्याच दिवसांत एक वही केली. रात्री जेवण झालं की आजच्या दिवसात कशामुळे बरं वाटलं, ते तीन ओळींत लिहायचं. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा एक प्रयोग आहे. काहीजणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, मनात कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहिल्या. काहींनी डोक्याला झालेले ताप लिहिले. कृतज्ञता लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं, त्यांचा व्यायामही जास्त झाला. मी मात्र रोज लिहिते. आठवड्याने लिहायचं म्हटलं तर मधले सहा दिवस कोरडे जातात.

पहिले काही दिवस 'तब्येत, नोकरी, घर' एवढंच उतरत होतं, बाजाराची यादी करावी तसं. मग ठरवलं, माणूस लिहायचा आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहायचं. मी धावत येतेय हे बघून बसवाल्याने मिटलेलं दार परत उघडलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मी घसरू नये म्हणून पायरीवर मीठ टाकून ठेवलं. असं लिहायला लागल्यापासून वही भरायला लागली.

आणि एका रात्री तू आलीस वहीत.

मी म्हापशाला कॉलेजला जायचे तेव्हा साडेसहाची बस असायची. थंडीत तू पाचला उठून न्हाणीतल्या पाण्याच्या भाणाखाली माडाची चुडतं नि नारळाची सोडणं पेटवायचीस. रात्रीच्या दवाने ती ओली झालेली असत, धुराने तुझे डोळे लाल व्हायचे. पाणी कढत झालं की मला हाक मारायचीस. तीन वर्षं मी ते पाणी घेतलं आणि एकदाही काही बोलले नाही. घरच्या माणसाचे आभार मानणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. पण आपल्याकडे गोव्यात आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात ना, त्यात परकेपणा कुठाय? त्यात तर आपण दुसऱ्याचं भलं मागतो. पाववाल्या पोदेराला, बसच्या कंडक्टरला मी ते कितीदा म्हटलं असेल. तुला कधीच नाही.

आई, देव बरें करूं. त्या प्रत्येक सकाळीसाठी.

आता पौष लागेल, बायका धालो खेळतात तो मांड सारवायला घ्याल. लहानपणी मला धालो म्हणजे रात्री जागायला मिळतं एवढंच कळायचं. आता इथे बसून वाटतं, ऐन थंडीत दिवसभर शेतात नि चुलीपाशी राबलेल्या बायका रात्री समोरासमोर दोन रांगा धरून, एकमेकींच्या कमरेत हात घालून, वाकून वाकून गातात, ज्या भुईवर वावरतो तिलाच साकडं घालतात, तिचंच देणं मानतात. माझ्या वहीत मी एकटीच असते. तुमच्या मांडावर डावी-उजवीकडे कुणीतरी असतं. मला त्याचा फार हेवा वाटतो गं.

यंदा तुझ्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच वाक. मावशीला सावंतवाडीहून बोलावून घे, आणि हे पत्र तिलाही वाचायला दे. शेवटच्या रात्रीनंतर, झोप झाली की, मला फोन कर. कोण कोण आलं होतं आणि तुझ्या बाजूला कोण उभं होतं, ते सगळं सांग.

तुझी,
बाय