पापणीच्या कोपऱ्यातले खडे

महोदय,

माझ्या बाहत्तर वर्षांच्या आईचा उजवा डोळा वर्षभर गळत होता. ‘डोळे आलेत’, ‘वयोमानाने पाणी येतेच’ असे सांगून दर वेळी नवे थेंब लिहून दिले जात. बाटली संपली की सकाळी पापण्या पुन्हा चिकटलेल्याच. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीचा नाकालगतचा सुजलेला कोपरा कापसाच्या काडीने दाबला, तेव्हा अश्रुछिद्रातून रव्यासारखे पिवळसर कण बाहेर आले. ‘अ‍ॅक्टिनोमायसिस’ जिवाणूंमुळे अश्रुनलिकेला होणारा हा संसर्ग दुर्मीळ असला, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. हे जिवाणू तंतुमय असल्याने पूर्वी त्यांची गणना बुरशीत होत असे. त्यांच्या वसाहतींचे खडे बनतात आणि थेंबांतले औषध त्यांत नीट शिरत नाही. म्हणून जागेपुरती भूल देऊन नलिका खरवडावी लागते आणि त्यासोबत पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके दिली जातात. काढलेले कण प्रयोगशाळेत पाठवताना संशय स्पष्ट लिहिणे आवश्यक असते, कारण हे जिवाणू प्राणवायूविरहित वातावरणात आणि सावकाश वाढतात, व नेहमीच्या चाचणीत निसटू शकतात.

आईचा डोळा आता कोरडा आहे. वृद्धांच्या नेत्रतपासणी शिबिरांत मोतीबिंदूखेरीज, सतत चिकटणाऱ्या डोळ्याच्या पापणीचा हा कोपराही दाबून पाहिला जावा, ही विनंती. त्याला मिनिटभरही लागत नाही.

– एक वाचक