डिस्पोजलचा जनरेटर भंगारात घालण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वादळानंतर वीज किती दिवस येत नाही, हे 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ने आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या ‘तौक्ते’ने किनाऱ्याला चांगलेच शिकवले आहे. पावसाळा तोंडावर आला की पडवीत, बागेतल्या खोपीत, जुन्या शेडमध्ये पडलेले जनरेटर लोकांना आठवतात. त्यांत काही सेट लष्कराच्या डिस्पोजलचे, म्हणजे लष्कराने जुने म्हणून विकायला काढलेले असतात. हिरवा रंग, जाड पत्र्याची पेटी, उचलायला कड्या. त्यांची गत बहुधा दोनपैकी एक होते. कोणीतरी त्याच दिवशी पेट्रोल ओतून हँडल मारतो आणि पाच मिनिटांत वायंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, धूर निघतो. नाहीतर ‘याचे पार्ट मिळत नाहीत’ म्हणून तो तांब्याच्या भावाने भंगारात जातो. पार्ट मिळत नाहीत हे खरे नाही. ते नावाने मिळत नाहीत, मापाने मिळतात. हे पत्र त्यासाठीच.

सगळ्यात आधी सेटवरची माहितीची पाटी वाचावी. ती रंगाखाली दडलेली असते. थिनरच्या बोळ्याने हळू पुसावी, पॉलिश पेपर लावला तर आकडे जातात. 28 व्होल्ट डीसी लिहिले असेल तर तो बॅटऱ्या चार्ज करायचा सेट आहे, त्यावर घरचा फ्रीज चालणार नाही. 400 सायकलचा (सायकल म्हणजे हर्ट्झ, घरच्या विजेचे 50 असतात) सेट विमान-रडारच्या यंत्रणेसाठी असतो, त्यावर पंखा किंवा पंप लावू नये. 60 सायकल आणि मिनिटाला 1800 फेरे असतील तर इंजिन 1500 वर चालवून 50 सायकल मिळतात, पण व्होल्टेज आणि ताकद दोन्ही सहाव्या हिश्श्याने उतरतात. 120 चे 100 व्होल्ट होतात, 6 केव्हीए ताकदीचे 5. व्होल्टेज राखणारा रेग्युलेटर पिळून ते वर ओढले तर फील्डचे, म्हणजे चुंबक तयार करणारे, वेटोळे तापून जळते.

यापुढचा शत्रू इंजिनात नसतो, हवेत असतो. जूनमध्ये स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जशी पाझरते, तसेच खाऱ्या वाऱ्याने वायंडिंगवर बसलेले मीठही ओलावा ओढते. म्हणून नुसते सुकवून भागत नाही. दिवसा सुकवलेले वायंडिंग रात्रीत पुन्हा ओले होते. आधी मीठ धुवावे लागते. रेग्युलेटर, डायोड, कपॅसिटर सोडवून बाजूला ठेवावेत आणि वेटोळी कोमट गोड्या पाण्याने, थोडा सौम्य साबण घालून, हलक्या ब्रशने दोन-तीनदा धुवावीत. पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, जुने सुती इन्सुलेशन उचकटते. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणमध्ये बुडालेल्या मशिनांसारखा गाळ आत बसला असेल, तर हेच काम दुप्पट वेळा करावे.

मग ताडपत्रीच्या तंबूत 100 वॅटचे दोन पिवळे दिवे लावून दोन दिवस सुकवावे. वर वाफ निघायला फट ठेवावी. जुने इन्सुलेशन 80 अंशांच्या वर तापू देऊ नये. दर चार तासांनी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मापायच्या यंत्राने) मापावे आणि आकडा लिहून ठेवावा. इथे पुष्कळ जण घाबरतात, कारण सुरुवातीला आकडा वाढायच्या ऐवजी उतरतो. ते बरोबरच आहे. गरम झाल्यावर आतला ओलावा हलू लागतो, मग आकडा चढतो आणि एका जागी स्थिर होतो. स्थिर झाल्यावरही तो 1 मेगओहमच्या खाली असेल तर सेट चालवू नये. वर असेल तर वॉर्निश देऊन पुन्हा सुकवावा. ही चार दिवसांची सबुरी रिवाइंडिंगचा सगळा खर्च वाचवते.

वर्षानुवर्षे पडलेला सेट इंजिन नीट फिरूनही वीज देत नाही, तेव्हा आर्मेचर (वीज तयार करणारी वेटोळी) जळाले असे समजून ते उपसू नये. बहुतेकदा फील्डमधली उरलीसुरली चुंबकशक्ती गेलेली असते. फील्डच्या तारा रेग्युलेटरपासून सोडवाव्यात, 12 व्होल्टच्या बॅटरीला 21 वॅटचा बल्ब मालिकेत जोडून पाच सेकंद प्रवाह द्यावा, प्लस प्लसलाच. उलटा दिला तर डीसी सेटची टोके उलटतात. कार्बन ब्रश बसवताना काचपेपर वापरावा. एमरी पेपर कधीही नको, तिची बारीक पूड वीजवाहक असते आणि ब्रश जिथे घासतात त्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून ठिणग्या पाडते.

इंजिन जाम असेल तर हँडलवर जोर देऊ नये, जुने बिडाचे कान तुटतात. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल घालून आठवडाभर ठेवावे, मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसला तर तो मोडतो.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरचा बुचाचा फ्लोट शेलॅकने लेपलेला असेल तर ते शेलॅक इथेनॉलमध्ये विरघळते, बूच पेट्रोल पिते आणि कार्बोरेटर वाहू लागतो. त्याच उंचीचा पितळी फ्लोट डाग देऊन करून घ्यावा आणि गरम पाण्यात बुडवून पाहावा. बुडबुडे आले तर डाग गळतो. काळ्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराच्या घालाव्यात. चार आठवडे सेट बंद राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. सेट गार असताना चालतो आणि दहा मिनिटांनी बंद पडतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा मॅग्नेटोच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या भागाच्या) कंडेन्सरचा किंवा कॉइलचा असतो. जुना कागदी कंडेन्सर काढून 0.22 मायक्रोफॅरडचा, 630 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर बसवावा, पॉइंटची फट 0.3 ते 0.4 मिलिमीटर ठेवावी. प्लग बदलताना आट्यांचा व्यास आणि लांबी दोन्ही मापावीत. लांब प्लग वॉल्व्हला किंवा पिस्टनला लागतो.

पार्टसाठी दुकानात जाताना खिशात बारीक माप घ्यायचे व्हर्निअर आणि आटे मोजायचे थ्रेड गेज असावे. बेअरिंगची तीन मापे घ्यावीत: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. 30×62×16 मिलिमीटर निघाले तर ते 6206 नंबरचे, कुठेही मिळते. आतला व्यास 25.4 निघाला तर ते इंची आहे. आरएलएस 8 हे बेअरिंग 1 इंच × सव्वादोन इंच × पाच अष्टमांश इंच असते, तेच मागावे. दुकानदार 6205 पुढे करील, त्याचे भोक 25 मिलिमीटरचे असते. ते बसावे म्हणून शाफ्ट घासायची चूक करू नये. नट-बोल्टांचेही तसेच. ब्रिटिश सेटवर 3/8 इंची बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) बोल्टला इंचात 20 आटे, अमेरिकी 3/8 यूएनएफला (अमेरिकी बारीक आटे) 24. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे सहज जातो आणि तिसऱ्याला आटे खातो. पिस्टन रिंगच्या टोकांमधली फट बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर इंचाला साधारण 3 ते 4 थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, ठेवावी.

जे तयार मिळत नाही ते करून मिळते. लायनर, बुश, बिडाचे कव्हर यांसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावे. नमुना तुटका असला तरी सोबत न्यावा, तुकडे जुळवून त्यावरून साचा काढता येतो. लिस्टर (जुनी ब्रिटिश बनावट) जातीच्या इंजिनांचे पार्ट राजकोटहून येतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, तिथे मीटर, स्विच, पितळी टर्मिनल चाळून पाहावीत.

सेट सुरू झाला की घराच्या प्लगमध्ये तार घालून वीज देऊ नये. ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून 11,000 व्होल्ट होते आणि खांबावरच्या वायरमनचा जीव घेते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. आणि सेट पडवीत नको, उघड्यावर छपराखाली हवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

शेवटी कारागिरांना आणि जिल्ह्यातल्या आयटीआयना कळकळीची विनंती. जळालेले वायंडिंग कापण्याआधी फेरे, तारेचा गेज, खाचांचे अंतर आणि जोडणी वहीत लिहून घ्यावी, एक प्रत सेटच्या पेटीत चिकटवावी. त्या आकड्यांविना पुढचा माणूस अंदाजाने तार भरतो आणि सेट पुन्हा जळतो. भंगारवाल्यांनाही सांगणे आहे की पाटी उचकटून वेगळी विकू नका. पाटी गेलेला सेट किती व्होल्टचा आणि किती सायकलचा, हे कळायला तो सगळा उघडावा लागतो.

आपला,
एक जनरेटर-दुरुस्ती कारागीर, जि. रत्नागिरी