‘काचेसारखा’ आणि ‘काचेचा’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘डोळ्यात काचेचा द्रव असतो’ असे छापून आले आहे. ते वाचून माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईने चष्मा काढला आणि विचारले, “अरे, आणि फुटली मग?”

मूळ शब्द ‘व्हिट्रिअस’ असणार. लॅटिनमध्ये ‘व्हिट्रम’ म्हणजे काच. पण हे विशेषण बहुतेक वेळा काचेचा एखादा गुण सांगते, वस्तू काचेची आहे असे नाही. डोळ्यातला हा द्रव जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतो, जेमतेम ४ मिलिलिटर, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत. काचेशी नाते फक्त पारदर्शकतेचे. गंमत म्हणजे त्यातल्या ह्यालुरॉनिक आम्लाच्या नावातही ग्रीक काच, ‘ह्यालोस’, दडलेली आहे. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गुरांच्या डोळ्यातून वेगळे केले. आता तेच नाव चेहऱ्याला लावायच्या सीरमवर झळकते!

मिस्त्री ज्यांना ‘विट्रिफाइड’ (हाही ‘व्हिट्रम’वरूनच आलेला शब्द) म्हणतो त्या फरश्याही काचेच्या नसतात. १२०० अंशांच्या आसपास भाजताना मातीतले फेल्डस्पार हे खनिज वितळून छिद्रे बुजतात, म्हणून सांडलेला चहा आत मुरत नाही.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो. प्रात्यक्षिकाला गारगोटी हातात दिली की मुले चमकेच्या रकान्यात नुसते ‘काच’ लिहून मोकळी होत. मग मी ती फोडून ताजा तुकडा उन्हात धरायला लावी. फुटक्या बांगडीची कड जशी लकाकते तशी ती लकाके. ही ‘काचाभ’, म्हणजे इंग्रजीतली ‘व्हिट्रिअस’, चमक. नीलाभ, रक्ताभ चालतात, तर हा शब्द का नको? तोही जड वाटत असेल तर सरळ ‘काचेसारखा’ लिहा. ‘काचेचा’ मात्र नको.

त्या लेखात याहून महत्त्वाची एक गोष्ट राहून गेली. वय वाढते तसा डोळ्यातला हा द्रव आकसून डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून (रेटिनापासून) सुटू लागतो, आणि सुटताना कधी तो पडदा फाटतो. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे लखलखले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे दिसले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवे. शुद्धिपत्रात हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, नाशिक