जुने पत्रे उतरवण्याचा दर ठरवा: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मुंबई-ठाण्यात पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या चाळी, गाळे आणि गोदामांवरचे जुने 'सिमेंटचे पत्रे' बहुधा ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे असतात. पत्रा शाबूत असेपर्यंत त्यातले धागे सिमेंटमध्ये अडकून राहतात. ऊन-पावसाने झिजलेला पत्रा फुटला की ते हवेत उडतात, आणि तोंडाला बांधलेला गमछा त्यांना अडवत नाही. हे धागे श्वासातून आत गेल्याने होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग उघड व्हायला २० ते ४० वर्षे लागतात. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि कामगार रोजंदारीसाठी उभा राहतो तो नाकाही.

पत्रे फुटतात ते मुख्यतः जे-हुकमुळे, म्हणजे पत्रा छपराच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या वाकड्या हुकमुळे. नट गंजून जाम होतात, मग हातोडा. खरे तर बोल्ट कटरने हुक तोडता येतो. ग्राइंडर मात्र लावू नये. आधी शेतात वापरतात त्या पाठीवरच्या पंपाने पत्रा भिजवावा. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब हवेत, नाहीतर पाणी मुरत नाही, नुसते ओघळते. जोराचा पाइप नकोच, त्याने धागे सुटे होतात. पत्र्यावर पाय न देता परांचीवरून दोघांनी अख्खा पत्रा उतरवावा आणि १५० मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावा. तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत, झाडू नको. मास्क पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळही अडवणारा हवा. दाढी असेल तर तोही फट सोडतो. कामाचे कपडे घरी धुवायला गेले, तर धागे घरात पोचतात.

यातले काहीच महाग नाही, पण पैसे कोणी देत नाही. पाडकाम बहुधा भंगाराच्या बदल्यात दिले जाते: अख्खे पत्रे झोपड्यांसाठी विकले जातात, फुटलेले भरणीत जातात.

म्हणून नगरविकास खात्याशी बोलून पाडकामाच्या परवानगीच्या अर्जातच पत्र्यांचे क्षेत्रफळ मागवा. भिजवणे, उतरवणे, गुंडाळणे आणि तळोज्यासारख्या घातक कचरा केंद्रापर्यंतची वाहतूक यांचा चौरस मीटरवर वेगळा दर ठरवा. केंद्राची पावती दाखवल्याशिवाय पुढची परवानगी नको. मास्क मालकाच्या खर्चातून यावा, कामगार कल्याणासाठी बांधकामावर घेतल्या जाणाऱ्या उपकरातून नव्हे.

ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. नाका कामगाराची अशी नोंद कोणता ठेकेदार ठेवणार? ती बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने ठेवावी: नाव, साइट, किती दिवस पत्रे उतरवले, आणि छातीचा पहिला एक्स-रे.

आपले,
बांधकाम-सुरक्षा क्षेत्रातील अभियंते व पर्यवेक्षक